एकोणीस अंगठ्यांचा करार

सरांनी कराराचा कागद पुढे सरकवला तेव्हा मी तो वाचला नाही. खाली जिथे त्यांचं बोट होतं तिथे सही केली आणि विचारलं, "कधीपासून सुरू करू?" हे आधीच सांगून टाकते. पुढे इतरांनी काय केलं ते मी लिहिणारच आहे, तेव्हा माझ्या वाट्याचं सगळ्यांत आधी आलेलं बरं.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. सांगलीत बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचा छापखाना होता आणि माझा मामा तिथे कंपोझिटर होता, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा. आम्ही राहणार साताऱ्याचे. वडील फौजेत, आई सदा आजारी, त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की माझी पाठवणी मामाकडे व्हायची. दुपारी मामा मला छापखान्यात नेऊन रद्दीच्या गठ्ठ्यावर बसवायचा. तो गठ्ठा म्हणजे वाया गेलेली पत्रकं. कुठे शाई फुटलेली, कुठे ओळ तिरकी गेलेली. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यावर. वह्यांना कव्हरं त्याच पत्रकांची. चौथीत बाईंनी 'माझी आई' या विषयावर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी सुरुवात केली होती, 'बंधू आणि भगिनींनो'. वर्ग आठवडाभर हसत होता.

ती पत्रकं सर लिहायचे. विडी वळणाऱ्या बायकांसाठी, ऊसतोडीवाल्यांसाठी, हळदीच्या वखारीतल्या हमालांसाठी. हमालांचं पत्रक मला तोंडपाठ होतं. 'वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका' असा त्याचा मथळा. वखारवाले कोऱ्या कागदावर हमालांचे अंगठे घ्यायचे आणि मजकूर मागाहून भरायचे. सर रविवारी स्वतः वखारीत जाऊन ते पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांना वाचता येत नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. पोत्यांवर बसलेली पिवळी माणसं आणि त्यांच्यासमोर उभे राहून एकेक शब्द सुटा करून वाचणारे सर. मोठी झाल्यावर काय करायचं, हे माझं त्या दिवशी ठरलं.

म्हणून मी कागद वाचला नाही.

काम असं होतं. पलूसपासून तासाभराच्या चालीवर, नदीच्या अंगाला एक गाव आहे. वीस वर्षांपूर्वी त्या गावानं सहकारी संस्था काढून नदीचं पाणी इंजिनानं वर उचललं आणि माळावर नेलं. नळ घालायला मैलभर चर खोदला तो गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी. संस्थेला वीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची होती. संपादक सर. लिहिण्याचं काम माझ्याकडे, सहा महिन्यांच्या करारावर. सर म्हणाले, "पुढाऱ्यांची भाषणं नकोत. ज्यांनी चर खोदला त्यांनी बोलायचं. तू फक्त लिहून घ्यायचंस." बी. ए. होऊन मला वर्ष झालं होतं. दुष्काळ सरून दोन पावसाळे गेले होते. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांवर मी लिहिलेले दोन लेख परत आले होते. सरांचं बोलणं ऐकून मला वाटलं, माझ्यासाठी दार उघडलं.

मी आठवड्यातून दोन-तीन दिवस गावात राहायची. साताऱ्याहून एसटीनं कऱ्हाड, तिथून पलूस, पुढे पायी. मुक्काम एका मावशीकडे. मावशी म्हणजे साठीच्या घरातली विधवा बाई, गावाच्या खालच्या अंगाला एका खोलीत एकटी राहायची. पहिल्या दिवशी तिनं मला दारातच उभं केलं.

"कोन गं तू? मतं मागाय आलीस?"

"नाही मावशी. चराबद्दल विचारायला आले."

"चर बुजवून वीस वर्सं झाली. आता काय उकरतीस?"

"ज्यांनी खोदला त्यांची माहिती छापायची आहे."

"कुनी सांगितलं तुला, म्या खोदला म्हनून?"

मी म्हटलं, गावात सगळे सांगतात. तिनं डावा हात पुढे केला. अंगठ्याचं पेर चपटं झालेलं, मधून आडवी चीर, नख नाहीच. "ह्यो बघ. हितंच लिवलंय. आत ये."

मी काम करायची ती सरांचीच रीत. बोलणं ऐकायचं, साताऱ्याला घरी येऊन नीट उतरवायचं, पुढच्या खेपेला तो कागद घेऊन ज्याचा त्याच्या दारात बसायचं आणि सगळा वाचून दाखवायचा. त्यांनी 'बरोबर' म्हटलं की खाली डाव्या हाताचा अंगठा. पहिल्या कागदाच्या वेळी दोघीतिघी होत्या, तिसऱ्या-चौथ्याला अंगण भरू लागलं. लोक एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करायचे.

"म्या दगूड म्हनलंच न्हाई," मावशी म्हणायची. "काळा दगूड म्हनलं. दगूड काय, कुनी बी फोडंल."

शेजारचा म्हातारा रोज यायचा. त्याचा मुलगा संस्थेच्या पंपावर राखणदार होता, हंगामी. म्हातारा मिशीत हसत म्हणायचा, "हिचं पानभर लिवा बाई, माझं दोन वळीत उरका. हिला आत्ताच बोलाय मिळालंय."

"तू खोदायला हुतास कुटं? तू पानी प्यायला हुतास."

"आगं, पानी प्यायला बी मानूस लागतं की."

असे एकोणीस कागद झाले. त्यांतला मावशीचा मी सगळ्यांत जपून लिहिला होता. चर निम्म्यावर आला तेव्हा खाली काळा दगड लागला. गडी माणसं दोन दिवस डोकं धरून बसली, मग सुगी म्हणून निघून गेली. बाया राहिल्या. एकवीस जणींनी पहार आणि घण घेऊन तो पट्टा पुरा केला. त्यात मावशीच्या हातावर दगड आला. पाणी वर चढलं तेव्हा नारळ फोडायला गडी परत आले. मग संस्थेनं सभासद करून घेतले ते सातबाऱ्यावर ज्यांचं नाव होतं त्यांना. बायांचं नाव नव्हतं. भूमिहीन तर मोजलेच नाहीत. मावशीचा अर्धा एकर दिराच्या नावावर, दिरानं वेगळं काढलं, झालं. "पानी माझ्या दारावरनं जातं," तिनं सांगितलं होतं. "सकाळच्याला नळाला कान लावला तर आवाज येतो."

आता संस्थेचे चेअरमन असलेल्या गृहस्थांबद्दल मी विचारलं होतं, कारण सरांनी भेटायच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं घातलं होतं. मावशी म्हणाली, "त्यो तवा पुन्याला शाळंत हुता. खोरं कंचं आन् कुदळ कंची, त्याला दावावं लागलं असतं." अंगण हसलं. मी तेही लिहिलं.

अंगठे छापायची कल्पना माझी. सह्या आपण छापतो, मग अंगठे का नाही? ज्याचं म्हणणं त्याच्या खाली त्याचा अंगठा. सर खूश झाले. "हे सुचायला तूच पाहिजे होतीस," असं म्हणाले. एकोणीस अंगठ्यांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे धातूचे ठसे, करायला टाकले. त्या दिवशी मी सांगलीहून साताऱ्यापर्यंत खिडकीत बसून एकटीच हसत आले.

चौथा महिना संपता संपता मामाचं कार्ड आलं. 'प्रूफं निघाली आहेत. येऊन बघून जा. उशीर करू नको.' मामा कार्डावर नेहमी सगळ्यांची खुशाली विचारतो. या वेळी नव्हती विचारली.

मी पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती. छपाईचं यंत्र बंद, कामगार बोळात बसलेले. मामानं ओल्या शाईचा लांब कागद माझ्यापुढे धरला आणि स्वतः खिळ्यांच्या खणांकडे तोंड करून उभा राहिला.

मी वाचायला लागले. 'चेअरमनसाहेबांनी पहिली कुदळ मारली आणि आम्हां माताभगिनींच्या अंगात बळ संचारलं. काळा दगड आडवा आला, पण साहेबांच्या धीरानं तोही फुटला. आज आमच्या दारात गंगा आली आहे.'

"हे कुणाचं आहे, मामा? पान चुकलं."

"न्हाई चुकलं. खाली बघ."

खाली अंगठा होता. चपटा, मधून आडवी चीर. ब्लॉक फार चांगला निघाला होता, चिरेच्या कडेच्या बारीक रेघाही उठल्या होत्या.

"तू जुळवलंस हे?"

"म्याच जुळवलं." तो वळला नाही. "तुजं अक्षर मला लांबून कळतं. पयल्या कागदाला वाटलं, खाडाखोड तूच केलीस. दुसऱ्याला कळलं, वरचं अक्षर तुजं न्हवं. येतं ते जुळवायचं, एवढंच माजं काम हाय पोरी. पर म्हनलं, तुला कळाय पायजे."

एकोणीसपैकी अकरा कागद बदलले होते. उरलेल्या आठांत बदलण्यासारखं काही नव्हतं. आणि बदलणारा कोण हे कुणी सांगायची गरज नव्हती. 'माताभगिनी' हा सरांचा शब्द. आधी छोटं वाक्य, मग लांब, मग पुन्हा एकदम छोटं, ही त्यांची चाल. माझ्या वह्यांच्या कव्हरांवर तीच चाल होती. मला परक्या माणसानं फसवलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते. इथे मला ते वाक्य वाचताना क्षणभर बरं वाटलं, ओळखीचं वाटलं म्हणून.

सर जेवून येऊन खोलीत बसले होते. मी प्रूफ टेबलावर ठेवलं.

"बैस," ते म्हणाले. "मामानं दाखवलं? बरं केलं. मीच बोलावणार होतो."

"हे मावशी बोललेल्या नाहीत."

"आशय तोच आहे. चर आहे, दगड आहे, बायका आहेत."

"चेअरमन नव्हते."

"चेअरमन आता आहेत," सर शांतपणे म्हणाले. "हे बघ, मी वीस वर्षं बाहेर उभा राहून ओरडलो. हमालांना काय मिळालं? तेच वखारवाले, तेच कोरे कागद. आता मला आत बसायला मिळतंय. आतून चार माणसांचं भलं होईल. तुझ्या मावशीचं गाऱ्हाणं छापलं तर तिच्या दारात पाणी येईल का? आपला माणूस संस्थेत असला तर येईल."

"आपला माणूस कोण?"

त्यांनी प्रूफ उचलून बाजूला ठेवलं. मला कळलं. संस्थेच्या पुढच्या मंडळावर तज्ज्ञ संचालक म्हणून त्यांचं नाव ठरलं होतं, हे नंतर मामानं सांगितलं.

मी म्हणाले, "मग मी हे काम सोडते. माझे कागद द्या."

त्यांनी खण उघडून करार काढला आणि माझ्याकडे फिरवून ठेवला. कलम तीन: लेखकानं मुदतीपूर्वी काम सोडल्यास त्यानं जमवलेलं सर्व लेखन व अंगठ्याच्या निशाण्या स्मरणिका समितीच्या मालकीच्या राहतील. कलम चार: मजकुरात फेरफार करण्याचा संपूर्ण अधिकार संपादकास राहील. अक्षर सरांचं. वळणदार, सुटं, कुणालाही वाचता येईल असं.

"हे मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तू वाचूनच सही केलीस." क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर नवल दिसलं. "तुला वाचायला मी शिकवलं होतं."

मी कागद जवळ ओढून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ते पुढे म्हणाले, "दोन महिने राहिले आहेत. राहिलीस तर तुझ्या आवडीचे दोन-तीन कागद मूळचे ठेवू, मी शब्द देतो. गेलीस तर दुसरं कुणीतरी पुरं करील, आणि त्याला ती माणसं कोण हेही माहीत नसेल. राग बाजूला ठेव आणि विचार कर."

मला जास्त संताप कशाचा आला असेल तर याचा की त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं.

साताऱ्याला वडील निवृत्त होऊन आले होते. हवालदार म्हणून सुटलेले, आता औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करायचे. मी सगळं सांगितलं तेव्हा ते बूट पुसत होते.

"सही केलीस ना?"

"केली."

"मग पुरं कर. फौजेत मधूनच सुटतो त्याला भगोडा म्हणतात."

"आणि हुकूमच चुकीचा असला तर?"

त्यांनी बूट खाली ठेवला. "तर लेखी मागायचा. साहेब, हा हुकूम लेखी द्या, म्हणायचं. निम्मे हुकूम तिथंच परत जातात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे येतात लेखी. मग त्या कागदाकडं बघून ठरवायचं, भगोडा कोण ते."

मी सरांना पत्र लिहिलं. अकरा कागदांत कोणते बदल केले आणि का, ते लेखी कळवावं, म्हणजे मी ते ज्यांचे त्यांना वाचून दाखवीन. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. 'संपादकीय संस्कार केले आहेत. ते वाचून दाखवण्याची प्रथा नाही.' खाली सही. ज्या माणसानं वखारीत उभं राहून एकेक शब्द सुटा केला, त्याचं हे उत्तर. पत्र मी वडिलांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि परत दिलं. भगोडा हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

तरी माझं ठरत नव्हतं. लोकांना वाटतं, तत्त्वाची माणसं ताडकन उठून जातात. मी पाच-सहा दिवस राहायचं आणि जायचं, दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून काढले, पत्रकासारखे, आकडे घालून. राहिले तर तीन कागद वाचतील. पण कोणते तीन, हे मी निवडायचं, म्हणजे बदललेल्या अकरांतल्या उरलेल्या आठांना मीच बाद करायचं. गेले तर माझे हात सुटतील, त्यांचे अंगठे तिथेच राहतील. दोन्ही बाजू समान झाल्या की कागद फाडायची आणि पुन्हा लिहायची. शेवटी लक्षात आलं की ज्यांचे अंगठे आहेत त्यांना विचारल्याशिवाय मी हे ठरवते आहे. सर करत होते त्याहून ते फार वेगळं नव्हतं.

मामाकडून मी प्रूफांची एक प्रत मागून घेतली. त्यानं ती माझ्या पिशवीत स्वतःच्या हातानं घातली आणि म्हणाला, "कुनी इचारलं तर म्या दिली म्हन. लपवू नको."

गावात पोचले तेव्हा मावशी सोप्यावर शेंगा फोडत होती. नेहमीसारखी मंडळी जमली. मी बसले आणि तिचं पान वाचायला घेतलं. सुरुवातीला ती मान डोलवत होती, ऐकायची सवय झाली होती. तिसऱ्या वाक्याला हात थांबला.

"हे कुनाचं वाचतीस?"

"तुमचं."

"माजं?" तिनं आजूबाजूला बघितलं, कुणी थट्टा करतंय का म्हणून. "म्या कवा म्हनलं, त्यानं कुदळ मारली?"

"नाही म्हणालात. त्यांनी बदललं. खाली तुमचा अंगठा आहे."

तिनं प्रूफ हातात घेऊन अंगठा बघितला, स्वतःचा हात त्याच्या शेजारी धरून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"तू वाचून दावलंस म्हनून दिला म्या अंगठा. त्यास्नी न्हाई दिला. तुला दिला."

"हो मावशी."

"मग परत दे."

मी कराराबद्दल सांगितलं. कलम तीन, कलम चार. मी वाचलं नव्हतं, हेही सांगितलं.  मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"येवढी शिकलीस," ती म्हणाली, "आन् न वाचता सही केलीस? आमास्नी तर येत न्हाई वाचाय. तुला काय धाड भरली हुती?"

कुणी हसलं नाही.

मग मी विचारलं, मी राहू की जाऊ? उत्तरं एकदम आली आणि कुणाची कुणाशी जुळेनात. एक बाई म्हणाली, रहा, निदान तू तरी तिथं अस. दुसरी म्हणाली, जा, न्हाईतर तुजं बी नाव त्यात येईल. शेजारचा म्हातारा खांबाला टेकून बसला होता. तो कधी नव्हे ते गंभीर होता.

"बाई, माझं हाय तसं छापू द्या," तो म्हणाला.

"तुमचंही बदललंय. तुम्ही म्हणाला होता, बायांनी दगड फोडला."

"ठावं हाय. पोरगं पंपावर हाय माजं, हंगामी. दिवाळीला कायम करतो म्हनलेत. आता म्या अंगठा माघारी मागितला तर पोराचं काय?"

"आरं, तुज्या तोंडानं तूच खोटं बोलल्यावानी दिसंल," मावशी म्हणाली.

"दिसू दे. वाचनार कोन हाय हितं?"

मावशीनं पुढे वाद घातला नाही. तिला मुलगा नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिलाही.

शेवटी मीच एक मार्ग सुचवला. करारात जमवलेले कागद समितीचे, पण ज्यानं अंगठा दिला त्यानं तो काढून घेऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता मी माझ्याकडची कराराची प्रत दहा वेळा वाचली होती. ज्यांना हवं त्यांनी समितीला अर्ज करावा: माझ्या नावानं छापलेला मजकूर माझा नाही, माझा अंगठा छापू नये. मी लिहून देईन, वाचून दाखवीन, मग त्यांनी ठरवावं. संध्याकाळपर्यंत मी दारोदार फिरले. काहींनी दार लावून घेतलं. एकानं चहा पाजला आणि विषय पिकावर नेला. मावशी, आणखी दोघी बाया आणि एक भूमिहीन गडी, अशा चौघांनी अर्ज दिले. एकोणीसांतले चार.

मावशीचा अर्ज मी दोनदा वाचला. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते अर्ज आणि माझा राजीनामा घेऊन सांगलीला गेले. माझ्याजवळ राहिलेली कच्ची टिपणंही नेली, कारण करारानं तीही त्यांची होती आणि मी आता करार मोडणार नव्हते, फक्त संपवणार होते. सरांनी आधी राजीनामा वाचला. मग अर्ज वाचले, चारही, शेवटपर्यंत. मावशीच्या अर्जावरच्या अंगठ्यापाशी थांबले.

"हे तू लिहून दिलंस."

"हो. आणि वाचून दाखवलं."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान रागावतील. ते म्हणाले, "चार पानं रिकामी राहतील." मग मामाला हाक मारून सांगितलं, "हे चार ब्लॉक काढा. त्या जागी जाहिराती घ्या." मामा 'बरं' म्हणाला आणि गेला. मी उठले. सर समोरच्या प्रूफावर खुणा करायला लागले होते. मी दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. त्यांचं एखादं पत्रक अजूनही कुठे भिंतीवर दिसलं की माझी नजर आपोआप ओळीवर जाते, आणि मी ती मुद्दाम काढून घेते.

स्मरणिका निघाली. चार पानांवर पंपाच्या आणि खताच्या जाहिराती. लेखक म्हणून कुणाचंच नाव नाही. बाकी पंधरा अंगठे जागेवर.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी मावशीला भेटायला गेले होते. परत निघताना पलूसच्या स्टँडवर तोच म्हातारा भेटला. धोतर झटकून माझ्याशेजारी बाकावर बसला.

"वळखलं का बाई?"

"ओळखलं की. मुलगा कायम झाला?"

"न्हाई." तो मिशीत हसला, पण पूर्वीसारखं नव्हे. "चेअरमनच्या पावन्याला घेतलं. आमच्या पोराला काडलं. आता मला बी अर्ज करायचा हाय. त्यो अंगठा काडून घ्यायचा."

मी सांगितलं, पुस्तक छापून झालं, वाटूनही झालं. आता निघत नाही.

त्यानं पिशवी मांडीवर घेतली.

"तुमी ऱ्हायला असता," त्यानं विचारलं, "तर माजं पान खरं छापलं असतं?"

सरांनी दोन-तीन कागद मूळचे ठेवायचा शब्द दिला होता. त्या तिनांत मी मावशीचा घेतला असता, दुसऱ्या दोन बायांचे घेतले असते. याचा घेतला नसता. त्याच्या बोलण्यात नेहमी थट्टा असायची, आणि मला वाटायचं, थट्टा काय छापायची.

"तुमचं नसतं छापलं," मी म्हणाले. "माझ्या यादीत तुम्ही नव्हता."

त्यानं मान हलवली. राग आल्यासारखा दिसला नाही. गाडी लागली तशी उठला, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाला, "बरं झालं, आता तरी खरं सांगितलं." आत गर्दी होती. कुणीतरी त्याला सरकून जागा दिली आणि गाडी हलली.